स्वल्प हिंदे

आठवड्याचे सहा दिवस आमचे अण्णा कारखान्यातले चार्जमन असत आणि शनिवारी संध्याकाळी घोड्यावर बसत. म्हणजे घोडा नव्हताच. घोडा त्यांनी जन्मात एकदाच जवळून पाहिला होता, तोही निपाणीला कुणाच्या तरी वरातीत, आणि तो त्यांच्या अंगावर शिंकला होता. पण शनिवारचा चहा झाला की ते कपाटावरची रुंद काठाची टोपी उतरवत, गळ्याला लाल रुमाल बांधत, गिटार स्कूटरवर पुढ्यात उभी धरत आणि कॅन्टोन्मेंटातल्या क्लबात गायला जात. तिथे दिनकरचे ते डीन होत. तरुणपणी कारखान्यातल्या एका अँग्लो-इंडियन फोरमननं त्यांना ही कंट्रीची गाणी शिकवली. फोरमन पुढे ऑस्ट्रेलियाला निघून गेला, गाणी ह्या कानडी शहरातल्या आमच्या राजाजीनगरच्या घरात राहिली. कंट्री म्हणजे काय हे शाळेत मला कधी कुणाला नीट सांगता आलं नाही. मराठी मंडळातल्या बायकांची समजूत तर अशी की कंट्री म्हणजे देश, तेव्हा ही देशभक्तीची गाणी असणार. त्यांनी एकदा पंधरा ऑगस्टला अण्णांना मानानं बोलावलं. अण्णांनी झेंड्याखाली उभं राहून दारू पिऊन रडणाऱ्या नवऱ्याचं गाणं म्हटलं आणि बायकांनी ते माना डोलवत ऐकलं.

त्या अण्णांचा आवाज ज्या वर्षी गेला त्या वर्षाचं हे सांगणं आहे. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे आलेय, आणि अजूनही त्या वर्षाची आठवण आली की आधी राग येतो, रडू नंतर.

आईला ती गाणी आवडत नसत असं नाही, पण ती त्यांना 'घोड्याची गाणी' म्हणे. "ह्यांच्या सगळ्या गाण्यांत बायको सोडून गेलेली असती," ती भाकरी थापता थापता शेजारणीला सांगे, "मी कुठं गेलेय? इथंच बसलेय की चुलीपुढं." तिचं स्वतःचं गाणं बसवनगुडीतल्या रामाच्या देवळात, मंगळवारच्या भजनात. आवाज बेताचाच होता, पण टाळ तिच्यासारखा कुणी धरत नसे. लयीच्या बाबतीत ती फार कडक होती. कुणाचा श्वास कमी पडो, पेटीवाली पानं उलटत बसो, पुजारी आरती घेऊन मध्येच येवो, हिचा टाळ समेवर म्हणजे समेवर पडणार. नव्या बायका तिला घाबरत. घरीसुद्धा कुकरची शिट्टी, नळाची धार, अण्णांचं गिटार लावणं, सगळ्याचा हिशेब तिच्या मानेत चालू असे, मान किंचित हलत राही. मला लहानपणी वाटे, सगळ्यांच्याच आया अशा मान हलवतात.

अण्णा निवृत्त झाले त्याच सुमाराला किट्टी आमच्याकडे यायला लागला. नाव कृष्णमूर्ती, त्याचं झालं किट्टी. बनशंकरी भागात राहणारा मुलगा, बँडमध्ये अण्णांच्या मागे बास वाजवायचा, पंचविशीचा असेल. केस वाढवून त्यांच्या वळकट्या केलेल्या, आणि त्यांना नारळाच्या तेलाचा वास. त्याच्या डोक्यात जमैकाच्या रेगे संगीतानं घर केलं होतं. तो आणि अण्णा कानडीत बोलत, मी इथे मराठीत सांगते आहे. त्याचं म्हणणं असं, की कंट्रीतलं दुःख आणि रेगेची चाल एकत्र केली तर असं काही निघेल जे ह्या गावात कुणी ऐकलेलं नाही. अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी गायली, आता स्वतःची लिहावीत आणि त्यांची कॅसेट काढावी. अण्णांनी तीस वर्षं हे कुणीतरी म्हणायची वाट पाहिली असणार. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी अवलक्कीची, म्हणजे पोह्यांची, बशी मांडीवर घेऊन इंग्रजीत शब्द जुळवत बसले. त्या गाण्यांत घोडा नव्हता, कारखान्याचा भोंगा होता. बायकोही सोडून गेली नव्हती, हे मी आईला मुद्दाम भाषांतर करून सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, "आता तरी शेजारपाजार विचारायचा नाही."

रेगे म्हणजे काय हे किट्टीनं आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून समजावलं. एक दोन तीन चार मोजा. आपण सगळे 'एक'वर पाय आपटतो. रेगेवाले 'एक' मोकळा सोडतात. ढोल तिसऱ्यावर. गिटार मधल्या मधल्या जागी, चिक, चिक. आईनं मान हलवून पाहिली, थांबवली, पुन्हा हलवली.

"म्हणजे समेवर कुणी नाही?"

"कुणी नाही, अक्का."

"मग उतरायचं कुठं माणसानं?"

"उतरायचंच नाही. तरंगत राहायचं."

"तरंगायला आम्ही भेंडाचं लाकूड काय रे," आई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. अण्णा पोट धरून हसले. त्यांचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, मोठं, मोकळं, शेवटी खोकल्यात जाणारं.

बसवनगुडीत एका भांड्यांच्या दुकानाच्या वर किट्टीच्या ओळखीच्या माणसाचं रेकॉर्डिंगचं खोपटं होतं. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, पंखा चालू केला तर आवाज येतो म्हणून बंद, खाली पितळी घागरी आपटायच्या तेव्हा सगळ्यांनी थांबायचं. कॉलेज सुटलं की मी तिथे जाई आणि दाराजवळच्या स्टुलावर बसे. पहिले कितीतरी दिवस काही जमेना. अण्णांची सवय जुनी, शब्द ठोक्यावर टाकायचा, खिळा मारल्यासारखा. रेगेत गायकानं ठोक्याच्या किंचित मागून, सावकाश, हात खिशात घालून यावं तसं यायचं असतं. किट्टी काचेपलीकडून बोटं मागे ओढून दाखवी आणि म्हणे, "अण्णा, स्वल्प हिंदे." थोडं मागे. अण्णा मान डोलवत आणि पुन्हा नेमके ठोक्यावर. "स्वल्प हिंदे, अण्णा, स्वल्प हिंदे!" घरी येताना रिक्षात अण्णा तेच पुटपुटत. रिक्षावाल्याला वाटलं त्याला सांगतायत, त्यानं गाडी मागे घेतली.

आणि मग पावसाळा संपता संपता ते जमलं. एकदम नाही, पण एका गाण्यात चार ओळी, पुढच्यात अर्धं गाणं, असं करत अण्णा मागे यायला लागले. काय यायला लागले! ठोका पडून गेलेला, आता शब्द हुकला असं वाटावं, आणि तेवढ्यात तो हळूच यायचा. उच्चारही बदलले. कोपरे झिजल्यासारखे गोल झाले, टोकदार व्यंजनं मऊ पडली. किट्टी काचेपलीकडे अक्षरशः नाचला. "अण्णा, तुम्ही अगदी तिथलेच वाटता! कुठून आणलंत हे?" अण्णा हसले आणि रुमालानं तोंडाचा कोपरा टिपला. ते टिपणं मी पाहिलं होतं, पण उकाडा होता, सगळेच सारखे काही ना काही टिपत होते.

घरात मात्र दुसरंच काही चाललं होतं. आमच्याकडे जेवणात कोरडी शेंगाचटणी पाहिजेच. भाकरीवर तेल, तेलात चटणी. अण्णांना त्या चटणीचा ठसका लागायला लागला. आई चटणीत दही कालवून द्यायला लागली. मग भाकरीचा तुकडा घशाला लागायला लागला, तेव्हा ती आमटीत कुस्करून देऊ लागली. जेवून आम्हा दोघींची ताटं धुऊन होत तरी अण्णांचं चालूच असे. आमच्या अण्णांची शीळ मोठी प्रसिद्ध होती, गाण्याच्या मध्ये गिटारच्या जागी शीळ घालत. एका गाण्यात ती घालायची होती, तिथे नुसतीच हवा आली. किट्टी म्हणाला, राहू दे, बासरी घालू.

एक दिवस आई त्यांचा डबा घेऊन स्टुडिओत आली. गाणं चालू होतं. ती माझ्याशेजारी उभी राहिली, मान हलायला लागली आणि थांबली. किट्टीनं काचेमागून तिला अंगठा दाखवला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाणं संपल्यावर ती म्हणाली, "हे मुद्दाम नव्हं." किट्टी म्हणाला, अक्का, हे भजन नाही, हीच तर ह्याची गंमत. मीसुद्धा हसले. आईनं डबा ठेवला आणि गेली.

त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. अण्णांनी मला हाक मारली, "नलू, पाणी आण." नलूमधला ल कुठे लागलाच नाही. पाण्यातला णही तसाच. मी उठले. आईनं हातातली पळी खाली ठेवली.

"अहो, परत म्हणा."

"काय?"

"पाणी. परत म्हणा की."

त्यांनी म्हटलं. तेच गोल, तेच मऊ, तेच मागून येणारं.

"तिथं इंग्रजीत म्हणता तवा मी गप बसले," आई म्हणाली. "म्हटलं, असंल त्यांची रीत. पण घरात मराठीत कोण रेगे बोलतंय हो?"

अण्णांनी ताटात बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाले, "मला ठाऊक आहे गं. कॅसेट होईपर्यंत दिवस काढू म्हटलं." मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी होते. ज्याचं आम्ही सगळे कौतुक करत होतो ते ह्या माणसाला आतून ठाऊक होतं आणि तो टाळ्या घेत उभा राहिला होता, हे माझ्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं फारसं काही केलं नाही. जीभ बाहेर काढा म्हणाला आणि बॅटरी मारली. मीही वाकून पाहिलं. जीभ स्थिर होती, पण तिच्या आत बारीक बारीक काहीतरी हलत होतं, तांदळात अळ्या व्हाव्यात तसं. पाहायला नको होतं. नसांचा आजार, त्यानं सांगितलं. ह्यात बोलणं आधी जातं, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. अजून एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणाला, पुढे पुढे हे कारण नसताना हसतील किंवा रडतील, मेंदूचा ताबा सुटतो, मनाला लावून घेऊ नका. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कानडीत एवढंच विचारलं, गाणं किती दिवस? डॉक्टर म्हणाला, गाणं आधीच गेलंय.

बाहेर बाकावर आई त्यांचा हात धरून बसली. ती रडली नाही. मी रडले, आणि माझं रडणं त्यांना सोसेना म्हणून अण्णा मला बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन भाग, पाजायला समोरच्या दर्शिनीत, उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, घेऊन गेले. त्यांच्या वाटणीची कॉफी त्यांनी तशीच ठेवली. मग म्हणाले, "नलू, ती गाणी माझी नाहीत." मला वाटलं बसलेल्या धक्क्यानं बोलतायत. "मी गायलोच नाही ती. ह्यानं गायली," आणि त्यांनी स्वतःच्या ओठांकडे बोट केलं. त्या क्षणापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. आजाराचं काय ते होऊ दे. कॅसेट निघणार असेल तर ती त्यांची निघाली पाहिजे. सगळी गाणी पुन्हा, ठोक्यावर, पूर्वीसारखी, जीभ चालते आहे तोवर.

किट्टीला त्यांनी स्वतः सांगितलं. तो पोरगा भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ केसांच्या वळकट्या मुठीत धरून बसला होता. "अण्णा, इतकं सुंदर झालंय," एवढंच तो शेवटी म्हणाला. "लोकांना काय कळणार आहे?" अण्णा म्हणाले, "मला कळतंय ना."

मग त्यांनी प्रयत्न केला, आणि ते बघण्यासारखं नव्हतं. ठोक्यावर यायचं म्हणून ते आधीच सुरुवात करत, तर शब्द अर्ध्यात अडके. जोर लावत, तर लाळ गळे आणि खोकला येई. ज्या माणसाला मागे ये म्हणून आम्ही महिनाभर सांगत होतो त्याला आता पुढे येता येईना. रेगेचा ठोका सगळ्यात वाईट, कारण धरायला 'एक' नाही. पाय टेकायला जाल तिथे पायरी नाही. तिसऱ्या दुपारी अण्णांनी मला घरी पाठवलं, आईला बोलावून आण म्हणाले, टाळ घेऊन.

आई आली. ती त्यांच्यासमोर उभी राहिली, माइकमध्ये आवाज कर्कश जाऊ नये म्हणून टाळ पदरात धरले, आणि म्हणाली, "मी सम देते. तुम्ही या." ढोल बंद केले. किट्टी नुसती गिटार वाजवू लागला, आईच्या टाळावर नजर ठेवून. टाळ पडला, अण्णा मागून आले. पुन्हा पडला, पुन्हा मागून. अण्णांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. ते थांबले, घाम पुसला, बोटानं खूण केली, परत.

ह्या वेळी ते ठोक्यावर आले. पहिली ओळ टाळाबरोबर, दुसरी टाळाबरोबर. किट्टीचा चेहरा उजळला, त्यानं माझ्याकडे पाहिलं. मीही स्टुलावरून उठले. मग माझं लक्ष आईकडे गेलं. तिची मान हलत नव्हती. ती अण्णांच्या ओठांकडे बघत होती, टक लावून, सुईत दोरा ओवताना बघावं तसं, आणि ते ओठ उघडून शब्द बाहेर पडणार त्या क्षणी पदरातले टाळ मिटत होती. किट्टी तिच्या मागे, ती अण्णांच्या मागे. समच सरकत होती.

अण्णांनी तिसऱ्या ओळीत गाणं सोडलं. कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले.

"तू थांबलीस."

"न्हाई."

"देवासाठी कधी थांबली नाहीस तू," अण्णा म्हणाले. प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता. "माझ्यासाठी थांबलीस."

आई टाळ तसेच पदरात धरून उभी राहिली. अण्णांनी हेडफोन नीट गुंडाळून खुर्चीवर ठेवले आणि किट्टीला कानडीत सांगितलं, "आधीचंच राहू दे. सरी?" ठीक ना? किट्टीनं मान हलवली. खाली दुकानात कुणीतरी घागरी आपटत होतं.

मध्यंतरी माझ्या मावसबहिणीच्या मुलानं ती गाणी कुठून तरी मिळवून इंटरनेटवर चढवली. तो फोन माझ्यापुढे धरून लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवत होता. कुणी विचारलं होतं, हा गायक इतका निवांत कसा? कुणी लिहिलं होतं, हे मागून येणं शिकवता येत नाही, रक्तातच असावं लागतं. भाचा म्हणाला, मावशी, काहीतरी उत्तर दे ना. मी म्हटलं, फोन बंद कर आणि जेवायला चल. त्याला वाटलं, म्हातारी तुसडी आहे. आहेच.

कॅसेट निघाली तोवर अण्णांचं बोलणं पूर्ण गेलं होतं. व्हरांड्यात आरामखुर्चीत बसत. आई त्यांना रागीची पातळ अंबील चमच्यानं भरवी, एक चमचा, मग हनुवटी पुसायची, मग वाट बघायची. एका सकाळी किट्टी इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन आला. कॅसेटवर कौतुकाचं लिहून आलं होतं. त्यानं खुर्चीशेजारी जमिनीवर बसून ते वाचलं आणि आईसाठी मधून मधून कानडीत सांगत गेला. त्या लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की ह्या गायकाला कसलीही घाई नाही, आयुष्याशी ज्याचं भांडण मिटलं आहे असाच माणूस असा सावकाश गाऊ शकतो.

अण्णा हसले. आधी नुसता श्वास, मग आवाज, मग ते मोठं हसणं, खांदे हलवणारं. किट्टीही हसायला लागला, आनंदानं, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून. अण्णा हसतच राहिले. किट्टीचं हसू संपलं तरी ते हसत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंड वाकडं झालं, मध्ये एकदा ते रडल्यासारखं वाटलं आणि पुन्हा हसल्यासारखं. किट्टी वर्तमानपत्राची घडी घालत माझ्याकडे बघत होता. हसण्यारडण्याचं डॉक्टरनं सांगितलेलं त्याला ठाऊक नव्हतं. आईनं चमचा वाटीत ठेवला आणि अण्णांचं तोंड पुसत राहिली, पुसत राहिली, शेवटी ते दमून थांबले.

किट्टी गेल्यावर मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. ती वाटी विसळत होती. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा दारात उभं राहून एका गाण्यात जिला कळलं होतं, तिला सोडून मी कुणाला विचारणार होते?

"आई, ते खरंच हसले का गं? की ते नुसतं... डॉक्टर म्हणाले होते तसं?"

तिनं नळ बंद केला. वाटी हातात तशीच धरून ती बराच वेळ व्हरांड्याच्या दिशेनं कान देऊन उभी राहिली.

"नाही गं कळलं मला," ती म्हणाली. "ह्या खेपेला नाही कळलं."